हाफ इंजिनला होकार देण्याआधी

वाचकाचं पत्र:

"माझ्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९७५ सालचं रजिस्ट्रेशन. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी ज्यांच्या हातातली होती ते मिस्त्री गॅरेज बंद करून रत्नागिरीला गावी गेले. तेव्हापासून गाडी बिनसली आहे. सकाळी लवकर चालू होत नाही, पिकअप नाही, थोडा धूर मारते आणि दुपारी एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये बंद पडते. अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. इथल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि 'हाफ इंजिन करावं लागेल' म्हणाला. सांगितलेली रक्कम ऐकून बायको म्हणते, विकून टाकू. आई विकू देत नाही. मी बँकेत नोकरी करतो, वय ४६, हातात पाना कधी धरलेला नाही. इंजिनची देखभाल मी स्वतः शिकू शकतो का? सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगमध्ये काम करायला हरकत घेतात. आणि पन्नास वर्षं झाली म्हणून विंटेजचा व्हीए नंबर घ्यावा का?
– एक वाचक, मुलुंड पूर्व"

नमस्कार.

हो, शिका. वय ४६ म्हणजे काहीच नाही. आणि त्या गॅरेजवाल्याला हाफ इंजिनसाठी, म्हणजे इंजिन खोलून आतले झिजलेले भाग बदलण्यासाठी, अजून होकार देऊ नका. कदाचित त्याचं खरंही असेल, पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. पण नुसता आवाज ऐकून, एकही माप न घेता इंजिन खोलायला सांगणं मला मान्य नाही. तुम्ही लिहिलेल्या चार तक्रारींपैकी तीन तक्रारींना इंजिन न खोलता उपाय असू शकतो. चौथीचा, म्हणजे धुराचा, निकाल एका सकाळी लागतो.

तुमची गाडी शिकायला फार चांगली आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, हवा-पेट्रोल मिसळणारा एक कार्बोरेटर, प्लगना ठिणगी वाटून देणारा एक डिस्ट्रिब्युटर. बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर, हात घालायला जागा. याच मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली आणि याच मुंबईत टॅक्सीवाल्यांनी ती रस्त्याच्या कडेला, डिकीतल्या चार पान्यांवर, वर्षानुवर्षं चालती ठेवली. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. टॅक्सी गेली तसे तिच्यावर पोट असलेले मिस्त्री पांगले आणि पार्ट ठेवणारी दुकानंही कमी होत चालली आहेत. तुमच्या मिस्त्रींसारखी माणसं यापुढे दर वर्षी कमीच भेटणार. म्हणून मी तुम्हाला शिका म्हणतो. पैसे वाचतील, पण ती नंतरची गोष्ट. गाडीला काय झालंय हे घरातल्या एका तरी माणसाला कळायला हवं, नाहीतर पुढचा प्रत्येक गॅरेजवाला तुम्हाला हाफ इंजिनच सांगेल.

आधी धूर. धुराचा रंग आणि वेळ पाहा, दोन्ही. सकाळी चालू करताच निळसर लोट येतो आणि मिनिटभरात नाहीसा होतो, तर रात्रभरात व्हॉल्व्हच्या गाइडवाटे ऑइल खाली उतरलेलं असतं. ते काम हेडपुरतं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागापुरतं असतं, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) हात लावायचा नाही. गाडी गरम झाल्यावर, चढावर अॅक्सिलरेटर दाबताना सतत निळा धूर येत असेल तर मात्र रिंगांवर संशय घ्या. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. चोक पूर्ण उघडत नसेल, नाहीतर कार्बोरेटरची फ्लोट लेव्हल चुकली असेल. पावसाळ्यात सकाळी पांढरी वाफ दिसते ती सोडून द्या. पण गरम इंजिनातही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेट. त्या दिवशी गाडी चालवू नका.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. सगळ्या पत्रातली सर्वात महत्त्वाची गोष्ट मी इथे सांगतोय, म्हणून जरा सावकाश. १४ मिमी आट्याचा, प्लगच्या जागी स्क्रूने बसणारा कॉम्प्रेशन गेज विकत घ्या. इंजिन थोडं फिरवून कोमट करा, बंद करा. प्लगच्या वायरींवर कागदी चिकटपट्टीने १, २, ३, ४ असे नंबर घाला. रेडिएटरच्या बाजूचा सिलिंडर पहिला. चारही प्लग काढा आणि त्याच क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवा. कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. आता एका माणसाला आत बसवा. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून त्याने सेल्फ मारायचा, तुम्ही गेजचा काटा पाहायचा. पाच-सहा स्ट्रोकमध्ये काटा चढून थांबतो. आकडा लिहा, पुढचा सिलिंडर.

चार आकड्यांमध्ये आपसात किती फरक आहे हे आकडा किती आला यापेक्षा महत्त्वाचं आहे. चारही जवळपास सारखे, म्हणजे दहा-पंधरा टक्क्यांच्या आत, आणि फार खाली नसतील तर बहुधा हाफ इंजिनची गरज नाही, कोणी काहीही म्हणो. एखादा बराच कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वर गेला तर रिंग सैल. ऑइलने ती फट तात्पुरती बुजली. आकडा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असतील तर त्यांच्या मधला हेड गॅसकेट गेलेला असण्याची शक्यता मोठी. हे तिन्ही खर्च एकमेकांपासून फार वेगळे आहेत. हे आकडे वहीत लिहून गॅरेजमध्ये गेलात की समोरच्याची बोलण्याची रीतच बदलते. मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवताना मी हे माप घेतल्याशिवाय त्यांना हेडच्या नटाला हात लावू देत नसे.

पेट्रोल गाडीवर काम करताना जवळ विडी-सिगारेट नको, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली बरी (सेल्फ मारायचा असेल तेव्हा सोडून), हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा आणि एक छोटा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) लावा, नाहीतर ते काम सोडा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. हे मी सूचना म्हणून उरकत नाही, यातल्या प्रत्येक गोष्टीने माणसं भाजलेली आहेत.

आता सकाळी चालू न होणं आणि पिकअप. सुरुवात नेहमी ठिणगीकडून करा, कार्बोरेटरकडे नंतर या. पुष्कळ लोक उलटं करतात: गाडी मिस मारायला लागली की पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूवर. दोन स्क्रू फिरवले की गाडी आणखी बिघडते, आणि मूळ दोष पॉइंटचा (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाचा) होता की पेट्रोलचा हे कळायची सोय राहत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, गाडी चालवून बघा, मग दुसरी. हा नियम तेवढा पाळा.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. आत बारीक तडा किंवा काळी रेघ दिसते का पाहा. मुंबईच्या दमट हवेत कॅपच्या आत ओल धरते आणि सकाळी चालू न होण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. कोरड्या फडक्याने पुसा. रोटर काढा. खाली पॉइंट दिसतील. त्यांची तोंडं जळून एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ झालं असेल तर पॉइंट बदला आणि त्याबरोबर कंडेन्सरही, कारण तसं जळणं बहुतेक वेळा कंडेन्सर दुबळा झाल्यामुळे असतं. गॅप लावताना गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूहळू ढकला. प्लग काढलेले असले की इंजिन हलकं फिरतं. पॉइंट पूर्ण उघडतील तिथे थांबा आणि फिलर गेजने गॅप लावा. साधारण ०.४ ते ०.५ मिमीच्या मधला आकडा असतो, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तोच धरा. पुस्तक घरात असणार, वडिलांच्या कागदांत शोधा. नसेल तर जुन्या पुस्तकांच्या बाजारात फेरी मारा. त्या पुस्तकाशिवाय टायमिंगला, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेला, हात लावू नका.

पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, त्यामुळे गॅप आधी आणि टायमिंग नंतर. त्याला एक १२ व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प पुरतो. लॅम्पचं एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरच्या टर्मिनलला, दुसरं इंजिनच्या अर्थिंगला. किल्ली ऑन. पुलीवरची खूण पुस्तकात सांगितल्या जागी येईपर्यंत गाडी ढकला. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून तो थोडा थोडा फिरवा. दिवा लागतो त्या क्षणी पॉइंट उघडतात. तिथेच घट्ट करा. प्लगच्या वायरी परत लावताना फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, १-३-४-२. प्लग परत बसवताना आटे हाताने धरू द्या, पाना शेवटी. सुरुवातीपासून पाना लावला आणि आटा तिरका गेला की हेड खराब.

इतकं करून सकाळी दोन-तीन सेल्फमध्ये गाडी घेतेय का पाहा. घेत असेल तर कार्बोरेटर जसा आहे तसा राहू द्या. नसेल तर तो उतरवून साफ करायचा, जेटमध्ये तार घालायची नाही, नुसती हवा मारायची.

दुपारी बंद पडण्याबद्दल मला तुमच्या पत्रात सर्वात मोलाचं वाक्य सापडलं ते हे: अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. रिंग गेलेली गाडी असं वागत नाही. इथे संशयित तीन. पहिला, पेट्रोलची वाफ. तुमच्या गाडीचा एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप, इंजिनवरच बसवलेला आहे. मे महिन्यात भांडुपपर्यंत पहिल्या गिअरमध्ये सरकत गेलात की पंप आणि पाइप इतके तापतात की आत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकून ठेवायचे, ते याच कारणाने. दुसरा, कॉइल किंवा कंडेन्सर. गरम झाल्यावर मरतात, गार झाल्यावर जिवंत होतात. तिसरा, इंजिनच प्रमाणाबाहेर तापणं. ते टेंपरेचरचा काटा सांगेल.

पहिल्या दोघांतला फरक गाडी बंद पडल्या जागीच ओळखता येतो. गाडी बाजूला घ्या, पार्किंग लाइट लावा. डिकीत एक जादा प्लग ठेवलेला असू द्या. तो एका वायरीला लावा आणि त्याची धातूची बाजू इंजिनच्या धातूवर टेकवा, कार्बोरेटर आणि पंपापासून लांब. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. लख्ख निळी ठिणगी दिसली तर दोष पेट्रोलचा. पंपावर पाणी मारलेलं फडकं टाका, पाच मिनिटांत गाडी घेते. ठिणगी नाही किंवा पिवळट, मरतुकडी आहे, तर कंडेन्सर बदला, मग कॉइल. वाफेचाच दोष निघाला तर पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टच्या जवळून जातोय का ते बघा, लांब बांधा, आणि पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) बदला.

डायफ्रामवरून आठवलं म्हणून इथेच सांगतो. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९७५च्या गाडीतलं रबर त्यासाठी बनलेलं नाही; होज आतून मऊ पडतात, सुटतात, डायफ्राम ताठरतो. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, मग टाकी आतून गंजते. सगळे पेट्रोलचे होज एकदाच इथेनॉल चालणाऱ्या प्रतीचे टाका, टाकी आणि पंपामध्ये एक पारदर्शक फिल्टर बसवा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साचू देऊ नका. होजला पेट्रोलचा वास येऊ लागला की तो दिवस टाळू नका, त्याच दिवशी बदला.

इंजिन तापत असेल तर रेडिएटर, फॅन बेल्ट, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट, याच क्रमाने. बेल्ट अंगठ्याने दाबला तर सेंटिमीटरभर दबावा, त्याहून फार सैल नको. नळाचं पाणी ओतत राहू नका. एकदा रेडिएटर आतून साफ करून कूलंट भरा. मुंबईत मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात, "गरम होणार नाही" म्हणून. मला ते पटत नाही. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन वेळेवर गरम होत नाही, आत चिकटा साठतो आणि ऑइल लवकर खराब होतं. तुमच्या गाडीत आहे का ते बघा, नसेल तर बसवा.

टॅपेटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाबद्दल, दोन ओळी. सगळे आवाज करणाऱ्या टॅपेटला घाबरतात. आवाज म्हणजे गॅप आहे, व्हॉल्व्ह बंद होतोय. हळूहळू गप्प होत गेलेलं टॅपेट जास्त धोक्याचं. शिसं असलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं; जुन्या इंजिनात त्या शिशाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला आधार असे. आता सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप मिटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. म्हणून टॅपेटचा गॅप ठरावीक अंतराने तपासा. इंजिन थंड असताना की गरम, कोणता गॅप, हे पुस्तकातलंच धरा.

ऑइल बदलणं तुम्ही स्वतः करा. जुन्या इंजिनला साधं मिनरल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० घाला. नव्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक महाग म्हणून चांगलं असं समजू नका, ते जुन्या सीलमधून गळेल. काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या. ते कायद्याने घातक कचरा आहे. गटारात ओतलेलं मिठी नदीत नाहीतर खाडीत जातं.

इथेच सेक्रेटरींचा मुद्दा येतो, आणि त्यांची बाजू मला पटते. त्यांना भीती ऑइलच्या डागाची, ठोकाठोकीची आणि आगीची असते. त्यांना आधी भेटा. काय करणार, किती वेळ, हे सांगा. खाली रुंद ट्रे आणि पुठ्ठा अंथरा, रविवारी दहाच्या आत ठोकू नका, काम संपल्यावर फरशी पुसा. बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून ट्यूनिंग करू नका, तो धूर जिवावर बेततो. त्यासाठी गाडी उघड्यावर न्या. पॉइंट, प्लग, पंप, बेल्ट, फिल्टर एवढं पार्किंगमध्ये खुशाल होतं. ज्याला गाडी उचलावी लागते ते सगळं गॅरेजमध्ये.

आणि काही कामं अजिबात तुमची नाहीत: ब्रेकचे सिलिंडर आणि पाइप, स्टिअरिंग, हेड उतरवणं, टायमिंग चेन. त्यांच्यासाठी एक मिस्त्री शोधा. पद्मिनीवर हात चाललेले लोक मुंबईत अजून आहेत, बहुतेक उतारवयाचे. त्यांच्याकडे गाडी टाकून निघून येऊ नका. सुट्टी घ्या, दिवसभर शेजारी उभे राहा, पाने हातात द्या, विचारा. त्यांच्या त्या वेळेचे वेगळे पैसे द्या आणि आधीच सांगा की शिकायचे म्हणून देतोय. रत्नागिरीच्या मिस्त्रींचा फोन असेल तर तोही लावा. तुमच्या गाडीचं त्यांना जे माहीत आहे ते कुठल्याच पुस्तकात नाही: कधी बोअर झाला, कोणता पार्ट दुसऱ्या गाडीचा बसवलाय, काय जुगाड केलंय. सगळं लिहून घ्या.

हत्यारं नागदेवी स्ट्रीटला घ्या; रिंग पान्यांचा सेट, गोटी पान्यांचा सेट, प्लग पाना, फिलर गेज, टेस्ट लॅम्प, कॉम्प्रेशन गेज, एवढंच. मोठी पेटी घेऊन सुरुवात करू नका. नवे पार्ट ऑपेरा हाऊसच्या दुकानांत विचारा, जुने कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. नेहमी जुना पार्ट हातात घेऊन जा, नावावर आणू नका. याच गाडीत सालागणिक बारीक बदल आहेत. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डायफ्राम चांगले मिळाले तर दोन-दोन घेऊन ठेवा.

व्हीए नंबरची घाई करू नका. २०२१च्या नियमाप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत. पण तशी नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. आईंना दर रविवारी गाडीतून देवळात न्यायचं असेल तर आत्ताचं रजिस्ट्रेशन आणि पीयूसी चालू ठेवणंच बरं. ट्यूनिंग नीट झालं की पीयूसी अडत नाही.

येत्या रविवारी फक्त कॉम्प्रेशन घ्या, बाकी कशालाही हात लावू नका. चारही आकडे सिलिंडरच्या नंबरासकट, ऑइल घालून घेतले असतील तर तेही, आणि चारही प्लगच्या टोकांचे रंग मला कळवा. मग हाफ इंजिनचं काय ते आपण ठरवू.